शेडमागचा भात

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. पुण्यातल्या मित्रांना नेदरलँड्सच्या गमती सांगताना या जागेवर आलो की मी विषय बदलायचो. नळाचं पाणी, सायकलींचे रस्ते, वेळेवर येणारी कचऱ्याची गाडी, सगळं रंगवून सांगायचो. शेजाऱ्याच्या कोंबड्यांचं काय झालं, ते कधी सांगितलं नाही. आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि ज्याला सांगायचं तोही राहिलेला नाही. म्हणून निदान कागदावर तरी खरं काय ते लिहून ठेवतो.

मी एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. सगळी नोकरी गटारं, संडास, उकिरडे, डास आणि उंदीर यांत गेली. मला त्याची कधी लाज वाटली नाही. माझ्या हद्दीत एखाद्या पावसाळ्यात कावीळ पसरली नाही, तर ते श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला द्यायचो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी पत्नी गेली. त्याच वर्षी मुलाने मला पहिल्यांदा नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आणलं. तो आइंडहोव्हनला इंजिनियर आहे, सून घरूनच भाषांतराची कामं करते. व्हिसा नव्वद दिवसांचा. जूनच्या सुरुवातीला यायचं आणि ऑगस्ट संपायच्या आत परत जायचं, हा क्रम तेव्हापासून पडला. मधली दोन वर्षं महामारीत गेली, तेवढा खंड.

लोक इथे येऊन पवनचक्क्या बघतात. मी पहिला आठवडा गटाराच्या चेंबरची झाकणं बघत हिंडलो. ओळीने घरं, प्रत्येक घरामागे हातरुमालाएवढी बाग, आणि सगळ्या वस्तीत उघडं गटार म्हणून नाही. पाऊस पडला तर दहा मिनिटांत रस्ता कोरडा. पाणी जातं कुठे, हे बघायला मी एका झाकणापाशी वाकलो होतो, तेव्हा मागून कोणी इंग्रजीत विचारलं, “आत काही पडलं का?”

शेजारच्या घरातला म्हातारा होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, हातात ढकलगाडी.

“नाही. झाकण बघतोय.”

“का?”

“माझं हेच काम होतं.”

त्याने ढकलगाडी खाली ठेवली आणि तोही वाकला. आम्ही दोघं थोडा वेळ ते झाकण बघत उभे राहिलो. मग तो म्हणाला, “चांगलं आहे ना?” मी म्हटलं, “फार चांगलं आहे.” आमची ओळख अशी झाली.

त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे जमलं. तो मला ब्यूर्मान म्हणायचा, म्हणजे शेजारी. मीही त्याला ब्यूर्मानच म्हणायला लागलो. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हिरव्या डब्यात काय चालतं, चहापत्ती कशात जाते, हे मला मुलाने नाही, त्याने शिकवलं. एकदा सकाळी त्याने दारावर टकटक केली. म्हणाला, “ब्यूर्मान, चल लवकर. गटार धुणारी गाडी आली आहे.” आम्ही कॉफीचे मग हातात घेऊन फुटपाथवर उभे राहिलो आणि नळी आत जाऊन बाहेर येईपर्यंत हललो नाही. सून खिडकीतून बघत होती. नंतर म्हणाली, “बाबा, दोघं सिनेमाला गेल्यासारखे उभे होतात.”

संडासाबद्दल मनमोकळं बोलायला मला आयुष्यात तो एकच माणूस भेटला. त्याच्या वडिलांचं लहानपण दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. त्यांच्या वस्तीत घरामागच्या संडासाखाली लाकडी पिंप असायचं आणि ठरलेल्या दिवशी घोडागाडी येऊन ती पिंपं उचलून न्यायची. आडाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, असा घरात दंडक होता, कारण शेजारची दोन मुलं विषमज्वराने गेली होती. मी त्याला आमच्याकडच्या टोपलीच्या संडासांबद्दल सांगितलं. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात ते होते. मैला वाहणाऱ्या बायकांची नावं मी रोज हजेरीपटावर लिहायचो, पण त्यांच्याबरोबर बसून चहा एकदाच प्यालो, शेवटचा संडास पाडला त्या दिवशी.

तो म्हणाला, “पिंपं नेणाऱ्या माणसाच्या मुलाशेजारी वर्गात कोणी बसायचं नाही. माझे वडील सांगायचे, ‘मी बसायचो.’”

“बसत असतील.”

“कोण जाणे. नसतीलही बसले. पण म्हातारपणी त्यांना वाटायचं, आपण बसायला हवं होतं.”

तेव्हा मी नुसता हसलो होतो. आज हे वाक्य मला हसण्यासारखं वाटत नाही.

जुलैत कुंपणाची झुडपं कापताना माझ्या पोटरीला गोचीड चिकटली. मला कळलंही नाही. ब्यूर्मानने पाहिली, घरातून चिमटा आणला, मला खुर्चीत बसवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ती सरळ उपटून काढली. नंतर रोज सकाळी कुंपणावरून विचारायचा, “पाय दाखव.” आठवड्याने लाल कडं उमटलं. मुलगा ऑफिसात होता, सूनही त्या दिवशी कामासाठी बाहेर गेली होती. त्याने मला आपल्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, तिथे माझ्या वतीने तोच बोलला, औषधाच्या दुकानातही तोच रांगेत उभा राहिला. येताना म्हणाला, “गोचिडीचा आजार घेऊन भारतात जाऊ नकोस. त्याच्याकडे व्हिसा नाही.” गोळ्यांनी मी पूर्ण बरा झालो. त्या चिमट्याबद्दल मी अजूनही त्याचा ऋणी आहे.

त्याच्याकडे तीन तांबड्या कोंबड्या होत्या. त्या त्याच्या बायकोच्या. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती, कोंबड्या राहिल्या होत्या. तो त्यांना ‘बायका’ म्हणायचा. “आज बायकांनी दोनच दिली,” असं म्हणत कुंपणावरून अंडी द्यायचा. सकाळी त्यांचं खुराडं उघडायचं, दाणे टाकायचे, पाणी बदलायचं, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. तो घराबाहेर पडायचा तो बहुतेक त्यांच्यासाठीच.

आता माझ्या भाताकडे येतो.

पत्नी रोज दुपारी जेवायला बसण्याआधी कावळ्याला घास ठेवायची. गच्चीच्या कठड्यावर, भातावर दही घालून. चाळीसएक वर्षांत ते चुकलेलं मला आठवत नाही. ती गेल्यावर तो घास मी ठेवायला लागलो. न्यूनेनला आलो तेव्हा तिचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं आणि घास बंद करायला माझं मन तयार नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात सून सहज म्हणाली होती, “बाबा, इथे बाहेर खाणं ठेवू नका हं. शेजारचे तोंडावर काही बोलत नाहीत, खेमेन्तेला कळवतात.” खेमेन्ते म्हणजे तिथली नगरपालिका. मी बरं म्हटलं. आणि रोज दुपारी ती तिच्या कामाच्या मीटिंगमध्ये बसली की स्टीलच्या वाटीत दहीभात घेऊन बागेतल्या लाकडी शेडच्या मागे जायचो. शेड आणि कुंपण यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिथे एका विटेवर घास ठेवायचो.

इथला कावळा वेगळा. आकाराने लहान, मानेभोवती राखाडी शाल, डोळे पांढरट. तो छपरावर बसून मान वाकडी करून बघायचा, खाली यायचा नाही. दोन-चार दिवस भात तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं. तिची काही इच्छा राहिली असेल का, असं मनात यायला लागलं, आणि मी भात वाढवला. मग एका सकाळी वीट स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशीही. मी कावळ्याला घास घेताना एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्यानेच घेतला असं धरून चाललो. त्या महिन्यात मला कित्येक दिवसांनी नीट झोप लागली.

गावाकडे असताना मी बायकांना नैवेद्य गटाराच्या कडेला ठेवू नका म्हणून दटावलं आहे. एका म्हातारीला तर चारचौघांत म्हटलं होतं, “आजी, हे देव खात नाही, घूस खाते.” ती ताट उचलून आत गेली होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मागच्या घरातल्या बाईला दिवसाढवळ्या उंदीर दिसला. आमच्याकडच्या घुशीएवढा, तपकिरी. तिने खेमेन्तेला कळवलं. सगळ्या घरांत पत्र आलं: परिसरात उंदीर आढळले आहेत, बाहेर अन्न ठेवू नये, निरीक्षक पाहणीला येतील. सुनेने पत्र वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला आणि शेडमागे गेलो.

विटेभोवती लेंड्या होत्या. शेडच्या खालच्या फळीवर अंग घासून घासून काळपट, तेलकट पट्टा उठला होता. कुंपणाखालून ताज्या मातीचं बीळ गेलं होतं आणि त्याचं दुसरं तोंड ब्यूर्मानच्या बाजूला, खुराड्याजवळ उघडत होतं. हे सगळं ओळखायला मी कितीतरी मुकादमांना शिकवलं होतं. दोन महिने मी रोज तिथे वाकत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी केरसुणी आणली, लेंड्या गोळा करून डब्यात टाकल्या, वीट उचलून दुसरीकडे ठेवली, फळी ओल्या फडक्याने पुसली. त्या दिवसापासून घास बंद केला. तेव्हा मला वाटत होतं, मी चूक दुरुस्त करतो आहे. खरं तर मी पुरावा पुसत होतो.

निरीक्षक बाई दोन दिवसांनी आली. चाळिशीची, पायात बूट, हातात टॉर्च आणि काठी. तिने खुराड्यापाशी वाकून बघितलं, बिळात काठी घातली, मातीचा वास घेतला. कुंपणापलीकडून मी बघत होतो. ती प्रत्येक गोष्ट मी केली असती तशीच करत होती. मग ती आमच्याकडे आली. सुनेने तिला कौतुकाने सांगितलं की माझे सासरेही भारतात हेच काम करायचे. बाईचा चेहरा खुलला. तिने हातमोजा काढला आणि माझा हात हातात घेऊन हलवला. सून म्हणाली, “बाबा, ती म्हणतेय, तुम्ही तिचे सहकारी.”

इतका मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता.

मग बाईने काही विचारलं. सून माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही बाहेर काही खायला ठेवता का, असं विचारतेय. पक्ष्यांना वगैरे.”

एक शब्द बोलायचा होता. ओरडा पडला नसता, दंडही झाला नसता, फार तर बाईने ठेवू नका म्हणून सांगितलं असतं. पण माझा हात तिच्या हातातून नुकताच सुटला होता.

मी म्हटलं, “नाही.”

सुनेने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डचमध्ये नाही सांगितलं. बाईने वहीत लिहिलं. मग ती परत ब्यूर्मानकडे गेली आणि त्याला समजावत बराच वेळ उभी राहिली. कोंबड्या ठेवायला मनाई नाही, पण दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा, सांडलेलं रोज उचला, खुराड्याखाली बारीक जाळी टाका, असं तिने सांगितल्याचं सुनेने मला नंतर सांगितलं. तो टोपी हातात घेऊन मान हलवत होता. मागच्या घरातली बाई तिच्या खिडकीत उभी होती.

त्याने जाळी टाकली नाही. चार दिवसांनी मला बोलावलं. म्हणाला, “ब्यूर्मान, मी बायकांना मुलांच्या प्राणिबागेत देतोय. गावाबाहेर आहे, जागा मोठी आहे. पकडायला मदत कर. माझे गुडघे वाकत नाहीत.”

“देऊ नकोस,” मी म्हटलं. “जाळी टाकू. मी टाकून देतो.”

“नको. सगळ्या गल्लीला त्रास झाला. माझ्या बायकोला आवडलं नसतं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी खोका धरला. त्याने एकेक कोंबडी उचलली, पंख दाबून, पोटाशी घेऊन, आणि आत ठेवली. तिसरी थोडी ओरडली. त्याने तिला डचमध्ये काहीतरी सांगितलं. मी खोक्याची झाकणं एकात एक अडकवली.

उंदीर थांबले. थांबणारच होते, भात बंद झाला होता. पण सगळ्यांना दिसलं ते इतकंच की कोंबड्या गेल्या आणि उंदीर गेले. मी गप्प राहिलो आणि घास बंद केला, या दोन्हींनी मिळून त्याच्या कोंबड्यांवरचा आळ पक्का केला.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला. हातात सहा अंड्यांचं खोकं, शेवटची अंडी त्याने जपून ठेवली होती. सोबत एक कार्ड. तसं कार्ड त्याने गल्लीतल्या सगळ्या घरांत टाकलं होतं. सुनेने वाचलं: माझ्या कोंबड्यांमुळे तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा. माझ्या हातात अंडी देऊन तो म्हणाला, “तुला जास्त त्रास झाला. तुझं कुंपण सगळ्यात जवळ.” मी अंडी घेतली. थँक यू म्हणालो.

पुण्याला गेल्यावर मी ठरवलं की पुढच्या वर्षी पोचल्याबरोबर सांगायचं, तेही त्याच्या भाषेत. मुलाच्या एका जुन्या डच पुस्तकावरून आणि फोनमधल्या भाषांतरावरून मी तीन वाक्यं जुळवली आणि देवनागरीत एका कागदावर लिहिली. फिरायला जाताना म्हणत राहायचो. विमानात म्हणत राहिलो.

तो विमानतळावरच हजर. मुलाला मीटिंग होती म्हणून गाडी घेऊन तो आला होता. माझी बॅग त्याने ओढली. म्हणाला, “आधी बायकांना भेटू.” आम्ही सरळ त्या प्राणिबागेत गेलो. तिथे पंधरा-वीस कोंबड्या होत्या, सगळ्या तांबड्या. तो कुंपणापाशी उभा राहून बघत राहिला.

“यातल्या कुठल्या?” मी विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, त्या मला ओळखतील.”

मी खिशात हात घातला. कागद होता. तेवढ्यात तो म्हणाला, “ब्यूर्मान, एक सांगू? माझ्यामुळे तुझ्या बागेत उंदीर आले, तू एका शब्दाने मला बोलला नाहीस. मागची बाई अजून नमस्कार करत नाही. तू खोका धरलास. चांगला शेजारी आहेस.”

कागद खिशातच राहिला.

त्यानंतर आणखी तीन उन्हाळे मिळाले. त्याने मला तीनचाकी सायकल शिकवली. उन्हाळ्याच्या लाटेत माझ्या खोलीला ओला पडदा लावून दिला. पुढे त्याला चालवेना, तेव्हा त्याचे कचऱ्याचे डबे मी बाहेर ठेवायला लागलो, बरोबर वारी, बरोबर रंगाचे. त्याला त्याचं फार अप्रूप. खिडकीतून अंगठा दाखवायचा. दर वर्षी मी निघायच्या दिवशी ठरवायचो की आता सांगू, आणि दर वर्षी तो काहीतरी हातात द्यायचा, जॅमची बाटली, मोजे, एकदा तो गोचिडीचा चिमटाच. गेल्या डिसेंबरात सुनेचा फोन आला. तो झोपेत गेला होता.

या जूनमध्ये आलो तेव्हा शेजारी एक तरुण जोडपं होतं. खुराडं काढून त्यांनी तिथे झोपाळा लावला आहे. पहिल्या रविवारी जेवताना मी सुनेला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताट बाजूला सरकवलं.

“मला माहीत होतं, बाबा.”

“केव्हापासून?”

“तेव्हापासूनच. दहीभाताची वाटी घासायला मीच घ्यायचे ना. रोज एक जास्त.”

“मग त्या निरीक्षक बाईला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही नाही म्हणालात. मी तेच सांगितलं.” ती ताटं गोळा करायला लागली. “आणि ती तुम्हाला सहकारी म्हणाली होती. मलाही तेव्हा फार छान वाटलं होतं.”

दुपारी आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. त्याची आणि त्याच्या बायकोची एकच शिळा आहे. भोवतीचं गवत नीट कापलेलं, पाण्याचा नळ, झारी, वाळक्या फुलांसाठी वेगळा हिरवा डबा. त्याला हे सगळं आवडलं असतं. मी कागद काढला. घडीवर तो फाटत आला आहे. सून म्हणाली, “वाचा ना, मी लांब उभी राहते.” ती झाडापर्यंत गेली. मी तोंड उघडलं, पण समोर उत्तर देणारं कोणी नसताना म्हणणं म्हणजे पुन्हा सोपं तेच करणं, असं वाटलं. कागद घडी घालून खिशात ठेवला. त्यावर जे लिहिलं आहे, ते मराठीत इतकंच आहे:

ब्यूर्मान, तुझ्या कोंबड्यांचा काही दोष नव्हता. भात मी ठेवत होतो. मला माफ कर.